वाचक विचारतात: खाली उडी मारता येते, मग वर का चढता येत नाही?

या वेळी गेमच्या मॅपबद्दलची चार पत्रं एकत्र घेतलीयत. चारही किनाऱ्यावरूनच आलीयत आणि सगळ्यांचा मुद्दा फिरून फिरून एकच आहे, एकाच बाजूने ओलांडता येणारी जागा.

प्रश्न (गुहागर): गेमबॉय या हातात धरायच्या जुन्या यंत्रावरच्या पोकेमॉन रेड गेममध्ये जागोजागी बुटक्या कडा आहेत, वरून खाली उडी बसते पण खालून वर चढता येत नाही. उंची गुडघ्याएवढी पण नाही. आमच्याकडे शाळकरी पोरं चिऱ्याचा गडगा सहज चढून पलीकडे जातात. गेमबॉयला मेमरी कमी म्हणून असं केलं का?

उत्तर: नाही हो, मेमरीचा तिथे काही संबंध नाही. गेमबॉयची रॅम ८ केबीच होती हे खरं, पण जो हिरो खाली उडी मारतो त्याला वर उडी मारायला लावणं काही जड गेलं नसतं. ते मुद्दाम तसं ठेवलंय आणि का ठेवलंय ते पहिल्याच रस्त्यावर बघायला मिळतं. १९९६ मध्ये जपानमध्ये रेड आणि ग्रीन आले, त्यांतला हा पहिला रस्ता म्हणजे रूट १. पॅलेट टाउन या हिरोच्या गावातून व्हिरिडियन सिटीकडे, म्हणजे वरच्या दिशेला निघालात की कडा आडव्या येतात, मग वळसा घालून उंच गवतात शिरावंच लागतं, गवतात पिजी आणि रॅटाटा हे रानातले पोकेमॉन, म्हणजे लढणारे प्राणी, अंगावर येतात, आणि तुमच्याकडे असतो लेव्हल ५ चा एकच पोकेमॉन, तो लढून लढून थोडा तयार होतो. पुढे व्हिरिडियनच्या दुकानात पॅलेटमधल्या प्रोफेसर ओकचं पार्सल हातात देतात आणि परत मागे पाठवतात. आता बघा, येताना त्याच कडांवरून धडाधड उड्या मारत, गवताला जवळपास न शिवता तुम्ही घरी. रस्ता तोच, पण जाताना शिकवणारा आणि येताना सोडून देणारा. एकही वाक्य न लिहिता हे केलंय आणि मला ते आजही फार आवडतं.

अजून एक गंमत बघा, त्या गेममध्ये उडी खाली, डावीकडे आणि उजवीकडे बसते, वरच्या दिशेला कधीच नाही. कारण आपण मॅप जरा वरून आणि समोरून बघतो, त्यामुळे खाली तोंड असलेल्या कडेचा उभा भाग दिसतो, वरच्या बाजूला तोंड असलेली कड मात्र जमिनीमागे लपते. जी कड दिसतच नाही तिच्यावरून उडी मारायची हे खेळणाऱ्याला कळणार कसं?

प्रश्न (मालवण): मी बारावीत आहे. आरपीजी मेकर एमव्ही या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये आमच्या वाडीचा मॅप बनवतोय, वर जांभ्याचा सडा (खडकाळ पठार), खाली भाताचे मळे. सड्याच्या कडेवरून खाली उतरता यावं पण वर येता येऊ नये असं हवंय. टाइलसेटमधल्या (मॅप ज्या चौकोनी तुकड्यांनी बनतो त्या टाइलच्या संचातल्या) चार दिशांच्या पॅसेजमध्ये, म्हणजे कुठून ये-जा चालेल ते ठरवणाऱ्या बाणांमध्ये जाऊन कडेच्या टाइलचा खालचा बाण बंद केला, तर आता वर पण जाता येत नाही आणि खाली पण नाही. माझं काय चुकतंय?

उत्तर: तुझं काही चुकत नाहीये, ते सॉफ्टवेअर चालतंच तसं. प्लेयर एका टाइलवरून दुसऱ्या टाइलवर जायला लागला की दोन गोष्टी तपासल्या जातात, तो जिथे उभा आहे त्या टाइलवरून त्या दिशेला बाहेर पडता येतं का, आणि जिथे जायचंय त्या टाइलमध्ये त्या बाजूने आत शिरता येतं का. दोन्हीकडून हो आलं तरच पाऊल पडतं. म्हणजे खालचा बाण बंद केलास की खाली जाणं पण गेलं आणि खालून येणं पण गेलं. बाणांनी भिंतच होते, एकेरी वाट होत नाही, कितीही उलटसुलट करून बघ.

म्हणून बाण पूर्ववत कर आणि इव्हेंटने, म्हणजे प्लेयर आला की चालणाऱ्या कमांडच्या संचाने, काम कर. कडेची टाइल सरळ बंद ठेव, कुठूनच जाता येणार नाही अशी. तिच्यावर एक रिकामा इव्हेंट टाक, चित्र नको, प्रायॉरिटी 'सेम अ‍ॅज कॅरेक्टर्स', ट्रिगर 'प्लेयर टच'. आत पहिली अट घाल, प्लेयरचं तोंड खाली आहे का. असेल तर उडीचा आवाज वाजव आणि 'सेट मूव्हमेंट रूट'मध्ये प्लेयरला जंप दे, एक्स ० आणि वाय २, म्हणजे आडवं काही नाही आणि खाली दोन टाइल, कारण एक टाइल कडेची आणि त्याच्या खालची एक मळ्यातली. 'वेट फॉर कम्प्लिशन'वर टिक राहू दे, नाहीतर उडी चालू असतानाच पुढच्या कमांड सुरू होतात. खालून कोणी येऊन आपटला तर त्याचं तोंड वर असतं, अट खोटी ठरते, काहीच होत नाही. झालं काम. मग तोच इव्हेंट कॉपी करून पूर्ण कडेला लाव.

एक सांभाळ, एमव्हीत जंप देताना खाली कोण उभं आहे ते बघितलं जात नाही, त्यामुळे कडेखाली फिरता म्हातारा किंवा म्हैस ठेवलीस तर प्लेयर थेट त्यांच्या डोक्यावर उतरेल. आणि उडीची कड वेगळी दिसली पाहिजे बरं का, जिथून उतरता येतं तिथे चिऱ्याची लाल उघडी कड दाखव आणि जिथून येत नाही तिथे करवंदीची जाळी लाव, म्हणजे खेळणारा प्रत्येक टाइलला धडका मारत बसणार नाही. आणि वर परत यायला कुठेतरी पाखाडी (दगडी पायऱ्यांची वाट) ठेव, लांबची चालेल, पण ठेव.

प्रश्न (देवगड): माझ्या गेममध्ये बहीण विहिरीजवळच्या खोलगटात उतरली आणि तिथेच अडकली, बाहेर यायला वाटच नाही. असं होऊ नये म्हणून आधी कसं तपासायचं?

उत्तर: कागद घ्या. मॅपचा जेवढा भाग उडी न मारता फिरता येतो त्याचा एक गोल, आणि प्रत्येक उडीचा एक बाण. मग प्रत्येक गोलावर बोट ठेवून बघा, बाणांच्या दिशेने जात जात घराच्या गोलापर्यंत पोचता येतं का. एक जरी गोल असा निघाला की ज्यात बाण शिरतोय पण तिथून घरापर्यंत पोचता येत नाहीये, तर तोच तुमचा खड्डा. जी वाट पुढे कधीतरी किल्ली मिळाल्यावर उघडणार ती आत्ता बंदच धरा. आणि तिथे कोणी सेव्ह केलं आणि दुसरी फाइल नसली तर त्याचा पूर्ण खेळ गेला, आरपीजी मेकरच्या नंतरच्या एमझेडमध्ये तर ऑटोसेव्ह (आपोआप सेव्ह होणं) पण आहे, म्हणून हे हलक्यात घेऊ नका.

परतीची वाट लगेच हवी असं मात्र नाही. रेडमध्येच माउंट मून ओलांडून रूट ४ वर कडेवरून उडी मारली की मागे जाता येत नाही, पण पुढ्यात सेरुलियन सिटी असते, पोकेमॉन सेंटर असतं, करायला भरपूर असतं. मागे प्यूटरला, म्हणजे माउंट मूनच्या आधीच्या शहरात जायचं तर पार व्हर्मिलियनला जाऊन जहाजाच्या कप्तानाकडून कट (वाटेतलं झुडूप कापायची चाल) मिळवायचा आणि डिगलेटच्या गुहेतून यायचं. एवढा लांब वळसा असूनही कोणाला अडकल्यासारखं वाटत नाही, कारण उडी मारल्यावर समोर काहीतरी आहे. तुमच्या विहिरीपाशी काहीच नाही, खरी अडचण ती आहे. तिथे दोरी ठेवा, किंवा वरून शिडी सोडणारं कोणी ठेवा.

प्रश्न (अलिबाग): कडेऐवजी भरती-ओहोटीने एकेरी वाट करता येईल का? आमच्या कुलाबा किल्ल्यासारखी, ओहोटीला चालत जायचं आणि भरती आली की आतच राहायचं.

उत्तर: येईल की, आणि कोकणातल्या माणसाने हे करायलाच हवं! २००२ च्या पोकेमॉन रूबी आणि सफायरमध्ये शोल केव्ह नावाची गुहा आहे, तिथे दर ६ तासांनी भरती-ओहोटी बदलते, पहाटे ३ ते सकाळी ९ ओहोटी, मग दुपारी ३ पर्यंत भरती, असं, आणि पाणी असतं तेव्हा वेगळ्या जागा पोचण्यासारख्या, नसतं तेव्हा वेगळ्या. फक्त त्यांची वेळ रोज तीच असते आणि आपला समुद्र रोज पाऊण-एक तास उशिरा येतो. तुम्ही आपला हिशोब वापरा, तिथीची पाऊणपट केली की साधारण पूर्ण भरतीची वेळ येते, एकादशीला सव्वाआठ, आणि त्यानंतर सहा-सव्वासहा तासांनी ओहोटी. गेममध्ये तिथीचा एक व्हेरिएबल (बदलता आकडा) १ ते १५ फिरवत ठेवा, दुसरा तासाचा, आणि ओहोटीच्या आगेमागे दीड-दोन तास वाळूच्या टाइल उघडा. खेळणाऱ्याला गावातल्या कोळणीला आज तिथी कुठली असं विचारता यावं, घड्याळ दाखवू नका.

किल्ल्यात अडकल्यावरचे तास रिकामे जाऊ देऊ नका. खऱ्या किल्ल्यात गणपतीचं देऊळ आहे, गोड्या पाण्याची विहीर आहे, त्यातूनच गोष्ट पुढे न्या. आणि प्लेयर अर्ध्या वाळूत असताना पाणी चढलं तर त्याला बुडवू नका, ज्या बाजूचा काठ जवळ असेल तिकडे सरकवून ठेवा. तो किल्ल्याकडच्या काठाला लागला की रात्र तिथे काढायची, एवढंच.