श्रद्धा कमी पडली म्हणून देव दुःख देतो का?

तुम्ही विचारलंय की पुरात घर गेलं, पाठोपाठ आईचं आजारपण आलं, आणि मंडळीतले, म्हणजे चर्चमधले लोक म्हणतात तुमचा विश्वास कमी पडला. खरंच तसं आहे का?

नाही. पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलमध्ये, योहानाच्या पुस्तकाच्या 9व्या अध्यायात जन्मांधाबद्दल येशूचे शिष्य हेच विचारतात, पाप कोणाचं? येशू म्हणतो, ह्याचंही नाही, आईबापांचंही नाही. त्याच शास्त्रातला ईयोब, दोष नसताना सगळं गमावलेला माणूस; त्याचे मित्र सात दिवस गप्प बसले तोवर ठीक होते, तोंड उघडलं आणि घोटाळा झाला. शेवटी देव रागावला तो त्यांच्यावर, तक्रार करणाऱ्या ईयोबावर नाही.

2019 च्या पुरानंतर आम्ही सांगलीत घरं धुवायला जायचो. एका मावशींचं पवित्र शास्त्र भिजून फुगलं होतं, पानं सुटत नव्हती. देवाला चार शब्द सुनावत त्या ते उन्हात ठेवत होत्या. माझ्या मते भरवसा तोच. स्तोत्र 88 वाचा, अंधारातच संपतं, तरी ती प्रार्थनाच आहे.

आणि आईंचे उपचार थांबवू नका, कोणी काहीही सांगो. मिरजेत डॉ. वान्लेस यांनी 1894 साली दवाखाना काढला तो मिशनरी म्हणूनच.