तुझा सिनॉप्सिस वाचून

प्रिय डॉक्टर,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या प्रबंधाचा सिनॉप्सिस, म्हणजे आराखडा, काल रात्री दोनदा वाचला. मधुमेही पायाची जखम भरणं आणि व्हीईजीएफ या नव्या रक्तवाहिन्या फुटायला लावणाऱ्या जीनमधले फरक, विषय उत्तम आहे. पण चौथ्या पानावर तू ‘बरी झालेली’ आणि ‘बरी न झालेली’ असे दोन गट केलेस आणि तिथून थेट पीसीआरवर, म्हणजे जीन तपासायच्या चाचणीवर, उडी मारलीस. मी तिथेच अडकलो.

बरी झाली म्हणजे काय गं? माझ्या प्रबंधाच्या वेळी जे पेशंट पुन्हा यायचे नाहीत, त्यांना मी फोन लावायचो. घरचे “बरंय आता” म्हणाले की ‘बरी’च्या रकान्यात खूण. त्यातले एक आजोबा दोन महिन्यांनी ओपीडीत आले. चवड्याखाली जाड, पिवळट घट्टा. ब्लेडनं तासला तर आतून पू आला, आणि प्रोब, म्हणजे बोथट सळई, घातला तो टक्कन हाडाला लागला. आजोबा शांतपणे छताकडे बघत होते, पाय बधिर, त्यांना काही जाणवतच नव्हतं. माझ्या तक्त्यात ते बरे झालेले होते!

म्हणून डीब्राइडमेंट (मेलेलं मांस कापून जखम साफ करणं) झालं की जखमेवर पारदर्शक प्लास्टिक ठेव, मार्करनं कड गिरव आणि ग्राफ पेपरवर चौकोन मोज. दर आठवड्याला. चार आठवड्यांत क्षेत्रफळ निम्म्यावर आलं नाही, तर बारा आठवड्यांत ती जखम भरण्याची शक्यता फार कमी, हे २००३ मध्येच छापून आलंय. भरण्याचा हा वेग हाच तुझा फिनोटाइप, म्हणजे जीनशी ताडून बघायचं लक्षण. ‘होय-नाही’वर जीन शोधशील तर हाती धूळ लागेल.

कंट्रोल, म्हणजे तुलनेचा गट, म्हणून तू निरोगी रक्तदाते घेतलेस. मग जो फरक सापडेल तो मधुमेहाचा की जखमेचा? टीसीएफ७एल२ या जीनमधला फरक टाइप २ मधुमेहाचा धोका वाढवतो, पण तेवढ्यावरून जखमेबद्दल काही बोलता येत नाही. शिवाय जखम होणं आणि जखम भरणं हे दोन निराळे प्रश्न आहेत. २०१७ मध्ये स्कॉटलंडच्या टेसाइड भागातल्या मधुमेहींच्या जीनोमव्यापी अभ्यासात सहाव्या क्रोमोसोमवर एमएपीके१४ या जीनजवळ संकेत मिळाला, तो पायाला जखम होण्याबाबत. तुझा प्रश्न भरण्याचा आहे, तर तुलना जखमवाल्यांतच कर: पटकन भरलेले आणि रेंगाळलेले.

आणि चपलेचा रकाना कुठे आहे? वेल्लोरला सर्जन पॉल ब्रँड यांनी कुष्ठरोग्यांच्या पायांवर काम करताना ओळखलं, की बधिर पायाचं मांस मुळात ‘खराब’ नसतं. त्यावरचा भार काढला की ते भरतं. प्लास्टर घातल्यानं कुणाचा जीन बदलत नाही, तरी वर्षभर न हटलेली जखम मिटते. तुझा पेशंट तेच पातळ स्लीपर घालून शेताला पाणी द्यायला जात असेल, तर त्याच्या व्हीईजीएफला दोष देऊ नकोस. पायातल्या रक्तपुरवठ्याचंही तेच. एबीआय (घोट्याच्या आणि दंडाच्या रक्तदाबाचं गुणोत्तर) केल्याशिवाय नमुना घ्यायचाच नाही.

एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची तपासणी, तर हवंच. ऑक्सिजन कमी पडला की एचआयएफ-१ अल्फा हे प्रोटीन टिकतं आणि व्हीईजीएफला कामाला लावतं. शुगर चढलेली असली की ते प्रोटीन टिकत नाही. म्हणजे एचबीए१सी सात असलेल्या आणि अकरा असलेल्या पेशंटमध्ये एकच जीनोटाइप (जीनची जन्मजात घडण) निराळा वागू शकतो.

आता माझा खरा हावरटपणा. तू फक्त रक्त घेणार आहेस. रक्तातला डीएनए कळवतो जन्मासोबत काय आलं ते. जखमेत कोणता जीन आत्ता चालू आहे, ते त्यातून कळत नाही. २०२२ मध्ये बॉस्टनच्या गटानं एकेक पेशी तपासली. भरणाऱ्या जखमांत फायब्रोब्लास्टचा (जोडऊती बनवणाऱ्या पेशींचा) एक खास गट सापडला, एमएमपी१, एमएमपी३, एचआयएफ१ए हे जीन जोरात चालू असलेला. आपण जखमेची कड रोज कापतो आणि जैविक कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत टाकतो! पेशंटची संमती आणि एथिक्स कमिटीची परवानगी घेऊन तेवढी वाचव. पुढे तुला नाही तर तुझ्या ज्युनिअरला लागेल.

शंभर पेशंटांत पाच-सहा पॉलिमॉर्फिझम (जीनमधले फरक) तपासून एकाची पी-व्हॅल्यू ०.०४ आली, तर पेढे वाटू नकोस; एवढ्या चाचण्यांत एखादी योगायोगानंही तशी येते. मी वाटले होते.

बुधवारी ओपीडी संपल्यावर ये. चौथं पान नव्यानं लिहून आण, आणि येताना कोपऱ्यावरच्या दुकानातून ग्राफ पेपरची वही घे.

तुझा,
सर