एसएसएटीचे गुण कमी आले, आता काय?

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो. खाजगी हायस्कूलच्या प्रवेशासाठी दिलेल्या एसएसएटीत आमची हुशार मुलगी ५२ पर्सेंटाइलवर अडकली आणि तेव्हापासून गप्प आहे. काय करावे?

उत्तर : तिला प्रथम हे समजावून सांगा, की ही तुलना सर्व मुलांशी नसून खाजगी शाळांसाठी ही परीक्षा देणाऱ्या, बहुधा कसून तयारी केलेल्या, तिच्याच इयत्तेतील मुलांशी आहे, त्यामुळे ५२ हा आकडा वाटतो तितका वाईट नाही. परीक्षा पुन्हा देता येते, पण त्याआधी तिचे मन सावरू द्या. मला तेच अधिक महत्त्वाचे वाटते. चुकीच्या उत्तराला पाव गुण कापला जातो, म्हणून अंदाजाने दिलेली उत्तरे किती होती, हे नंतर तिच्यासोबत पाहा. काही शाळांनी हे गुण ऐच्छिक ठेवले आहेत. तिथे शिफारसपत्रे आणि मुलाखत यांवर भर द्यावा.