वडील ६७ वर्षांचे, शुगर-बीपी आहे. डॉक्टरांनी तपासून केदारनाथला जायला 'फिट' सांगितलंय. आणखी काही विचारायचं राहतं का?

राहतं. मुख्य तेच राहतं.

मी डॉक्टर नाही, फार्मासिस्ट आहे. विट्यात आमचं मेडिकल आहे आणि एकोणीस वर्षं मी काउंटरवर उभी आहे. दरवर्षी अक्षय्य तृतीयेच्या आसपास आणि पुन्हा दसरा झाला की लोक येतात, "ताई, चारधामला निघालोय, गोळ्या बांधून द्या." हातात डॉक्टरांचा कागद असतो. बीपी इतकं, ईसीजी नॉर्मल, खाली 'फिट'. मी विचारते, मुक्काम कुठे कुठे आहे? उत्तर ठरलेलं, "ते टूरवाल्याला माहीत." म्हणजे डॉक्टरांनीही ते विचारलेलं नसतं.

आता तुमच्या प्रश्नाने मला २०१९ चा ऑक्टोबर आठवला, तो सांगितल्याशिवाय राहवत नाही.

माझे सासरे, आम्ही त्यांना मामा म्हणतो, तेव्हा ६९ वर्षांचे होते. ३०/७० इन्सुलिन चालू, सकाळी १८ युनिट, संध्याकाळी १२. गावातल्या चौदा जणांबरोबर मामा, आत्या आणि माझे थोरले दीर केदारनाथला निघाले. मामांना तालुक्यातल्या चांगल्या फिजिशियनना दाखवलं. त्यांनी छाती तपासली, ईसीजी काढला, पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "एकदम फिट आहात, बिनधास्त जाऊन या." मामा खूश. दोन मिनिटांत काम झालं. इन्सुलिन कसं न्यायचं, वर पहिल्या रात्री कुठे झोपणार, जेवण गेलं नाही तर डोस किती, यातलं एक अक्षर नाही.

मी इन्सुलिनची दोन पेनं लोकरीच्या मोज्यात घातली आणि मामांना सांगितलं, "हे बंडीच्या आतल्या खिशात ठेवायचं. रात्री पण अंगावरच. बॅगेत टाकायचं नाही. शुगर मोजायचा मीटर पण तिथेच." भाऊजी शेजारी बूट बांधत होते. म्हणाले, "अगं, इन्सुलिन फ्रीजमध्येच ठेवतो की आपण. थंड असलं तर चांगलंच आहे. डॉक्टर काही बोलले नाहीत, तू कशाला नवीन काढतेस?" मी म्हणाले, फ्रीज म्हणजे २ ते ८ अंश, तिथे रात्री शून्याच्या खाली जातं, गोठलं की संपलं. ते म्हणाले, "मेडिकलवाल्यांनी डॉक्टरच्या वर जाऊ नये." मी गप्प बसले. घरात सगळे उभे होते, गाडी दारात होती.

चढण जिथून सुरू होते ते गौरीकुंड साधारण १,९८० मीटरवर, केदारनाथ ३,५८०. घोड्यावरून एका दिवसात सोळाशे मीटर चढून मामा त्याच रात्री वर झोपले. पत्र्याची खोली होती. पेनं होती भाऊजींच्या सॅकमध्ये आणि सॅक दाराशी. सकाळी मीटर लावला तर एरर. बॅटरी गेली असं समजून ठेवून दिला. बहुतेक मीटर १० ते ४० अंशांच्या दरम्यानच नीट चालतात, त्या खोलीत तेवढी ऊब कुठली! नेहमीचे १८ युनिट टोचले, दर्शन झालं, आणखी एक रात्र काढली, खाली उतरले. त्याच पेनाने दोन्ही वेळा टोचणं चालूच. गुप्तकाशीला आल्यावर मामा सारखं पाणी मागायला लागले, रात्रीतून सात वेळा उठले, दुसऱ्या दिवशी बोलताना जीभ जड. तिथे मीटर चालला तर आकडाच येईना, नुसतं 'हाय', म्हणजे मीटरला मोजता येणार नाही इतकी शुगर. ऋषिकेशला आणून ॲडमिट केलं. चार दिवस सलाइन. आत्यांचा फोन यायचा तो नुसता रडण्याचा.

ते पेन घरी परत आलं. मी ते ट्यूबलाइटखाली धरलं. ३०/७० पांढरंच असतं, तळहातांत घोळवलं की दुधासारखं एकजीव होतं. हे वीस वेळा घोळवलं तरी आत रव्यासारखे कण तसेच, आणि काचेच्या आतून पांढरा थर धरलेला. गोठून वितळलेलं इन्सुलिन असंच दिसतं. भाऊजींना दाखवलं. त्यांनी न बघताच सांगितलं, "प्रसाद आणि गोड चहा, दुसरं काही नाही." आजतागायत त्यांचं तेच म्हणणं आहे.

म्हणून विचारता तर स्पष्ट सांगते, प्रवासाला निघालेल्या माणसाला तपासून नुसतं 'फिट' लिहिणं हा सल्लाच नव्हे. ते इथल्या हवेतलं फिट. केदारनाथ आपल्या कळसूबाईच्या दुपटीहून उंच आहे, तिथे एका श्वासात मिळणारा ऑक्सिजन समुद्रसपाटीच्या साधारण दोन तृतीयांश. सल्ला द्यायचा तर डॉक्टरांच्या टेबलावर मुक्कामांची यादी पाहिजे, कोणत्या रात्री किती उंचीवर झोपणार तेवढी. सर्वसाधारण नियम असा की एकाच दिवसात खालून निघून २,७५० मीटरच्या वर झोपायला जाऊ नये, आणि ३,००० च्या पुढे रोजच्या झोपण्याची उंची ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये. केदारनाथच्या वाटेवर हा नियम पाळणंच अवघड. मग निदान गुप्तकाशी-गौरीकुंडच्या टप्प्यात घाई करू नका आणि जमलं तर दर्शन करून त्याच दिवशी खाली या. उत्तराखंड सरकारही यात्रेचा बेत किमान सात दिवसांचा ठेवा म्हणतं. आपले लोक चार दिवसांत उरकतात.

हेलिकॉप्टरबद्दल लोकांना वाटतं, चालायचं नाही म्हणजे धोका नाही. गुडघ्यांना नाही. पण फाटा नावाच्या गावच्या हेलिपॅडवरून आठ-दहा मिनिटांत माणूस वर पोचतो, शरीराला सवय व्हायला वेळच मिळत नाही. वर मुक्काम असेल तर हे डॉक्टरांना आवर्जून सांगा.

तुमच्या डॉक्टरांकडे परत जा आणि चिठ्ठ्या सगळ्या घेऊन जा. बीपीच्या गोळीच्या नावापुढे 'एच' आहे का बघा, असेल तर त्यात लघवी वाढवणारं औषध आधीच आहे. उंचीचा त्रास होऊ नये म्हणून अ‍ॅसिटाझोलामाइड देतात, तेही लघवी वाढवतंच, आणि सल्फाची अ‍ॅलर्जी किंवा किडनीचा त्रास असेल तर आधी सांगायलाच हवं. ती गोळी मी चिठ्ठीशिवाय देत नाही, कितीही ओळखीचा असो. डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन ही शुगरची गोळी चालू असेल तर उलट्या झाल्या, जेवण बंद पडलं, तर ती थांबवायची का हे विचारून कागदावर लिहून घ्या. झोपेची गोळी घेत असतील तर तेही सांगा, वर ती चालत नाही. आणि सोबत जाणाऱ्या माणसाला एवढं पाठ करून घ्यायला सांगा: डोकेदुखी वाढत चालली, चालताना तोल जायला लागला, किंवा बसल्या जागी धाप लागली, तर सकाळची वाट न बघता खाली आणायचं. दर्शन राहिलं तर राहू दे.

एक मान्य करते. मामांचं सगळंच इन्सुलिनमुळे झालं असं मी शपथेवर सांगू शकत नाही. थंडी, दमणूक, उंची यांनीही शुगर वाढते, आणि गोड चहा झालाच होता. डॉक्टरांकडे बाहेर साठ पेशंट बसलेले असतात हेही मी रोज बघते. पण मुक्काम कुठे, एवढं विचारायला अर्धं मिनिट लागतं. मी ते रोज काउंटरवरून विचारते.

वडील इन्सुलिनवर नसतील तर माझी अर्धी गोष्ट तुमच्या कामाची नाही, मीटरची मात्र आहे. असतील तर पेनं दोन न्या, दोन वेगवेगळ्या माणसांच्या अंगावर, आणि वडिलांच्या शर्टाला आतून खिसा शिवून घ्या.

मामांचं ते पेन मी टाकलेलं नाही. काउंटरच्या खालच्या ड्रॉवरमध्ये आहे. भाऊजी हे वाचतील, जाऊबाई वाचून दाखवतातच. त्यांनी एकदा दुकानात येऊन ते उजेडात धरून बघावं, एवढंच माझं मागणं आहे.