बोलणे दबू न देणारे पार्श्वसंगीत

प्रश्न : आईच्या पंचाहत्तरीच्या समारंभाचे मोबाइलवरील चित्रण जोडून मी २२ मिनिटांची चित्रफीत तयार केली आणि तिच्याखाली बासरीवादनाचे ध्वनिमुद्रण घातले. मामांचे मनोगत आणि औक्षणाच्या वेळचे बोलणे बासरीखाली दबून जाते, पण बासरीचा आवाज कमी केला तर ती इतरत्र ऐकूच येत नाही. ध्वनिमुद्रण १४ मिनिटांचेच असल्याने ते दोनदा जोडले आहे. तो सांधा खटकतो आणि शेवटी वादन मध्येच तुटते. काय करावे?
– एक वाचिका, सांगली

उत्तर : आपण बासरीची एकच पातळी सगळ्या चित्रफितीला लावू पाहत आहात, आणि अडचणीचे मूळ तेथेच आहे. प्रथम बासरीची ध्वनिपट्टी (ट्रॅक) पूर्ण बंद करून केवळ बोलणे ऐकावे. मामा माइकपासून दूर उभे असतील आणि आत्या मोबाइलजवळ बोलत असेल, तर आधी या दोन आवाजांची पातळी जुळवून घ्यावी; ते न करता संगीत कितीही खालीवर केले तरी उपयोग होत नाही. त्यानंतर बासरी सुरू करून बोलण्याच्या जागी ती सुमारे १२ ते १८ डेसिबलने खाली आणावी. हा उतार एका झटक्यात न आणता बोलणे सुरू होण्यापूर्वी अर्धा-एक सेकंद आधीपासून आणावा, आणि दोन वाक्यांमधल्या श्वासाच्या जागी बासरी वर येऊ देऊ नये. ऑडॅसिटी या मोफत प्रणालीतील ‘ऑटो डक’ ही सोय हेच काम आपोआप करते; तिच्यातील ‘मॅक्झिमम पॉज’ (बोलण्यात किती खंड पडेपर्यंत संगीत खालीच ठेवायचे ती मर्यादा) दोन-तीन सेकंदांपर्यंत वाढवला की बासरी प्रत्येक वाक्यानंतर उसळी घेत नाही. तरीही मनोगतासारख्या महत्त्वाच्या जागी मी स्वतः हातानेच पातळी बसवणे पसंत करतो.

सभागृहात सनईची ध्वनिफीत लावलेली असेल आणि ती आपल्या चित्रणात आली असेल, तर त्या भागात बासरी पूर्ण काढून टाकावी. दोघांचा षड्ज (मूळ ‘सा’) बहुधा वेगळा असतो आणि ते एकत्र ऐकणे कानाला सहन होत नाही. अशा भागात दृश्ये कापली की सनईही तुटते. म्हणून तेथील एक सलग ध्वनी खाली तसाच ठेवून त्यावर निरनिराळी दृश्ये बसवावीत. मात्र पडद्यावर कोणी बोलताना दिसत असेल, तर त्याचे दृश्य त्याच्या मूळ ध्वनीवरच ठेवावे.

आता सांध्याविषयी. तबल्याची साथ असलेला भाग सेकंद मोजून कापू नये, समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, कापावा आणि पुढचा तुकडाही समेपासूनच जोडावा. मिनिटाला १६० मात्रांच्या लयीत सोळा मात्रांच्या त्रितालाचे एक आवर्तन (एक पूर्ण फेरी) सहा सेकंदांचे होते, त्यामुळे किती आवर्तने घ्यायची याचा हिशोब सोपा असतो. मात्र दोन्ही तुकड्यांची लय सारखी असली पाहिजे, कारण वादन पुढे जाते तशी लय वाढते. आलापात ठेका नसतो. तेथे दोन्ही तुकडे दीर्घ षड्जावर दोन-तीन सेकंद एकमेकांवर चढवून एक विरवत दुसरा उमटवावा, म्हणजे तानपुऱ्याचा नाद अखंड राहतो आणि जोड लपतो. खरे तर २२ मिनिटे संगीत हवेच असे नाही. औक्षणाच्या वेळचे हसणे, ताम्हणाचा आवाज, मुलांचा गोंधळ यांना संगीताची गरज नसते. तेथे बासरी थांबवली की १४ मिनिटांचे ध्वनिमुद्रण बहुधा पुरून उरेल.

शेवट तुटू नये यासाठी काम उलट दिशेने करावे. ध्वनिमुद्रणाचा अखेरचा भाग, तिहाईसकट (तीनदा वाजवून समेवर संपणाऱ्या तुकड्यासकट), चित्रफितीच्या शेवटाला जुळवून ठेवावा आणि तेथून मागे येत, जेथे बोलणे संपते तेथे तो हळूच सुरू करावा. तयार झालेली चित्रफीत हेडफोनवर ऐकून समाधान मानू नये. ज्या टीव्हीवर आई ती पाहणार आहे, त्यावरच तपासावी, कारण वयोमानाने व्यंजने कमी स्पष्ट ऐकू येतात आणि बोलण्याखालची बासरी आपल्याला वाटते त्यापेक्षा आणखी खाली ठेवावी लागते.

एक सूचना : राग कोणाच्या मालकीचा नसला तरी ध्वनिमुद्रण असते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार त्यावरील हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे टिकतो. घरात पाहण्यापुरते कोणी विचारणार नाही. पण चित्रफीत यूट्यूबवर चढवायची असेल, तर तेथील स्वयंचलित तपासणीत ते वादन ओळखले जाऊ शकते. त्यासाठी खुल्या परवान्याचे संगीत घ्यावे, किंवा ओळखीच्या वादकाकडून संमतीने दहा मिनिटे वाजवून घ्यावे.