सहा महिन्यांचा 'इलेक्ट्रिशियन डिप्लोमा' की सरकारी आयटीआय?

तुमच्या भाच्याला दहावीला ५८ टक्के आहेत. तालुक्याचा एक क्लास सहा महिन्यांत 'इलेक्ट्रिशियन डिप्लोमा' देतो, फी ४५ हजार, वर नोकरीची 'शंभर टक्के हमी'. घरात कमावणारी एकटी बहीण, त्यामुळे आयटीआयची दोन वर्षं काढण्यापेक्षा क्लास स्वस्त पडेल का, असं तुम्ही विचारलंय. माझं मत आधीच सांगून टाकतो: पडणार नाही.

मी ठेकेदारी कामावर पर्यवेक्षक आहे, दरवर्षी नवी मुलं हाताखाली घेतो. क्लासच्या कागदाचं काय होतं ते रोज बघतो. बल्ब-पंखा बदलण्यासारखी किरकोळ कामं सोडली, तर वायरिंगचं काम परवानाधारक ठेकेदाराने, पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली आणि परवाना असलेल्या माणसाच्या हातूनच करायचं, असं केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे सुरक्षा नियम सांगतात. आधी २०१० चे होते, आता २०२३ चे आहेत. गल्लीत हे कोण पाळतं, असं म्हणाल. गल्लीत नाही पाळत. पण नवीन जोडणीचा टेस्ट रिपोर्ट महावितरणला द्यायचा तर त्यावर परवान्याची सही लागते, आणि कारखान्याच्या किंवा मोठ्या सोसायटीच्या कामावर कागद आधी मागतात. महावितरणच्या विद्युत सहायकाच्या भरतीतही वीजतंत्री (इलेक्ट्रिशियन) किंवा तारतंत्री (वायरमन) ट्रेडचं प्रमाणपत्र विचारतात. तिथे 'डिप्लोमा' हा शब्द छापलेला रंगीत कागद कुणी हातातही धरत नाही. क्लास करून पुन्हा आयटीआयला आलेली मुलं मी पाहिलीत. ४५ हजार गेले आणि वर्ष गेलं ते वेगळंच.

आता आयटीआयमध्ये कोणता ट्रेड? सगळे 'इलेक्ट्रिशियन'वर तुटून पडतात, 'वायरमन'कडे कुणी बघत नाही. दोन्ही दोन वर्षांचेच. इलेक्ट्रिशियनला दहावी विज्ञान-गणितासह लागते, वायरमनला आठवी पासही चालतो. एवढ्यावरूनच लोक त्याला हलका समजतात. इलेक्ट्रिशियनमध्ये मोटार, वाइंडिंग, ट्रान्सफॉर्मर, स्टार्टर, कंट्रोल पॅनल हा भाग मोठा. कारखान्यात मेंटेनन्सला जायचं असेल तर तोच घ्या. वायरमनचा सगळा भर फिटिंगवर: कंड्युट (वायरचा पाइप), डीबी (डिस्ट्रिब्युशन बोर्ड), अर्थिंग, केबल, ओव्हरहेड लाइन. भाच्याला घरांची-इमारतींची कामं करायची असतील आणि पुढेमागे स्वतःची ठेकेदारी करायची असेल, तर मी डोळे झाकून वायरमन सांगेन. शहराजवळच्या सरकारी आयटीआयत इलेक्ट्रिशियनची यादी वर लागते, वायरमनला ५८ टक्क्यांवर जागा मिळण्याची आशा जास्त.

खर्चाचं बोलायचं तर सरकारी आयटीआयची फी क्लासच्या मानाने नगण्य आहे. मात्र तिथेही आयएमसीच्या (संस्था व्यवस्थापन समितीच्या) जागा असतात, त्यांची फी वेगळी आणि जास्त. 'सरकारीच आहे' म्हणून कुणी ती जागा गळ्यात मारली तर आधी पावतीचा आकडा विचारा. खरा खर्च जाण्यायेण्याचा आणि जेवणाचा. एसटीचा सवलतीचा पास निघतो, वसतिगृह आहे का ते विचारून घ्या. खाजगी आयटीआयच घ्यावी लागली तर प्रवेश केंद्रीय फेरीतूनच घ्या, कारण महाडीबीटीवरची (सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरची) शुल्क प्रतिपूर्ती त्या प्रवेशांना असते. संस्थेच्या कोट्यातून गेलात की सगळी फी खिशातून.

खाजगीत आणखी एक मेख आहे. संलग्नता संस्थेला सरसकट नसते, ट्रेडनिहाय आणि तुकडीनिहाय असते. फिटरची मान्यता असलेली संस्था इलेक्ट्रिशियनची पाटी लावून बसलेली असू शकते. संस्थेचा कोड मागा (खाजगीचा इंग्रजी 'पी'ने सुरू होतो, सरकारीचा 'जी'ने) आणि त्या कोडवर नेमका हाच ट्रेड दिसतो का ते बघा. एका तुकडीत २० मुलं असतात. एका निदेशकासमोर, म्हणजे शिकवणाऱ्यासमोर, ५०-६० बसलेली दिसली की समजा, तिथे पक्कड हातात यायला दिवाळी उजाडेल.

आणि वर्कशॉप बघितल्याशिवाय पैसे भरू नका. ऑफिसात बसवून चहा पाजतील, तो पिऊन आत जा. वायरिंगचे लाकडी बोर्ड बघा. जुन्या स्क्रूंच्या भोकांनी चाळण झाली असेल तर मुलं खरंच काम करतात. बोर्ड गुळगुळीत आणि त्यावर लॅमिनेट केलेला नकाशा असेल तर तो पाहुण्यांसाठी आहे. स्टार-डेल्टा स्टार्टरच्या (मोटार चालू करायच्या उपकरणाच्या) टर्मिनलचे स्क्रू बघा, खाचा घासलेल्या पाहिजेत. मेगर (वायरचं इन्सुलेशन तपासायचं यंत्र) कपाटात कुलूपबंद असेल तर काढायला सांगा. एखाद्या दुसऱ्या वर्षाच्या मुलाला बाजूला घेऊन विचारा, अर्थ पिटचा (अर्थिंगच्या खड्ड्याचा) रेझिस्टन्स स्वतः कधी मोजलास का. तो निदेशकाकडे बघायला लागला की उत्तर मिळालं. सरकारी आयटीआयतही हे बघाच. काही ठिकाणी निदेशकाची जागा रिकामी असते आणि वर्ष तसंच निघून जातं.

दोन वर्षं घर कसं चालायचं, हा तुमचा खरा प्रश्न. सुट्टीत आणि रविवारी ओळखीच्या वायरमनबरोबर पाठवा. झिरी मारणं, पाइप टाकणं, वायर ओढणं एवढं पहिल्या वर्षातच जमतं, हातखर्च सुटतो. आयटीआय झाली की अॅप्रेंटिसशिप. २०१९ च्या नियमांत आयटीआय झालेल्याला महिना किमान ७,००० रुपये विद्यावेतन ठरलं होतं, आताचा आकडा विचारून घ्या. ते वर्ष पैशासाठी कमी वाटलं तरी सोडू देऊ नका, परवान्याच्या वेळी कामाला येतं. शिकायची हौस राहिली तर पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाचा दरवाजाही दहावी अधिक दोन वर्षांच्या आयटीआयला उघडा आहे.

लगेच कमवायची अगदीच नड असेल, तर बँकांच्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थांमध्ये घरगुती वायरिंगचं निवासी प्रशिक्षण फुकट मिळतं. पण त्याला वय १८ पूर्ण लागतं, म्हणजे भाच्यासाठी आत्ता नाही. वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाला उपयोग होईल म्हणून लिहिलं.

अर्ज व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाच्या प्रवेश संकेतस्थळावर भरायचा. विकल्पांचा क्रम नीट लावा. पहिल्या फेरीत पहिलाच विकल्प लागला आणि प्रवेश घेतला नाही, तर पुढच्या फेऱ्यांतून नाव जातं. तेव्हा रोज एसटीने जाऊन येता येईल अशी सरकारी आयटीआय आणि वायरमन सर्वात वर, त्याच आयटीआयचा इलेक्ट्रिशियन त्याखाली, खाजगी सगळ्यात शेवटी. आणि यादी लागेपर्यंत त्या क्लासवाल्याला 'सीट बुकिंग'चे पाचशे रुपयेसुद्धा देऊ नका.