ते सिम रोज संध्याकाळी घालून पाहता, ते कशासाठी?

“ताई, हिंगणा एमआयडीसीत पुठ्ठ्याचे बॉक्स तयार करणाऱ्या एका छोट्या कारखान्यात मी नऊ वर्षे अकाउंट्स सांभाळले. पगार 26,000 रुपये, तोही कधी 12 तारखेला, कधी 18 ला. गेल्या आठवड्यात माल नेण्यासाठी लागणाऱ्या ई-वे बिलात गाडीचा नंबर चुकला आणि माल रस्त्यात अडकला. नंबर टाकला होता मालकाच्या मुलाने. पण मालक साऱ्या कामगारांसमोर माझ्यावर ओरडले. ‘तुले कोनं ठेवलं वं कामावर?’ असे म्हणून त्यांनी फाइल अंगावर फेकली. मी पर्स उचलली, लोकमान्यनगरहून मेट्रो पकडली आणि घरी आले. नेमणूकपत्रात एक महिन्याची नोटीस आहे, मी एका दिवसाचीही दिली नाही. भाऊ म्हणतो, शाब्बास. नवरा म्हणतो, माफी माग, महिना भर आणि रीतसर बाहेर पड. फोन सारखे येतात, पॅकिंगमधल्या पोरांचेही. (जीएसटीचा ओटीपी अजून माझ्याच नंबरवर येतो, म्हणून ते सिम काढून ठेवले आहे. संध्याकाळी एकदा घालून पाहते.) माझे चुकले का?”
– एक वाचक, वर्धमाननगर, नागपूर

तुमच्या साऱ्या पत्रात कंस एकच आहे, आणि सांगण्यासारखी गोष्ट नेमकी त्याच कंसात आहे. फाइल अंगावर फेकणाऱ्या माणसाकडे दुसऱ्या दिवशी कामाला जायचे की नाही, हा प्रश्न तुम्ही मला विचारायलाच नको होता, जायचे नाही. त्या मालकावर मी आणखी एक ओळही खर्च करणार नाही. मला बोलायचे आहे ते तुमच्या सिमबद्दल.

ओटीपी येऊ नये म्हणून सिम काढले, हे समजू शकते. पण मग ते संध्याकाळी घालून कशासाठी पाहता? किती फोन येऊन गेले, किती ओटीपी मागवले गेले, मालकाचा स्वर मेसेजमध्ये किती खाली आला, हेच पाहता ना? नऊ वर्षांत ज्या माणसाने तुमच्या कामाची किंमत केली नाही, त्याला ती आता दर संध्याकाळी कळते आहे आणि ते पाहायला तुम्हाला बरे वाटते. मला त्यात आश्चर्य वाटत नाही. पण मग नोकरी सोडली असे म्हणू नका. सासर सोडून माहेरी आलेल्या बाईने तिथल्या कपाटाच्या किल्ल्या कमरेला तशाच खोचून ठेवाव्यात आणि रोज चाचपून पाहाव्यात, तसे तुमचे चालले आहे. भावाने शाब्बास म्हटले आणि नवऱ्याने माफी मागायला सांगितले, पण या सिमबद्दल तुम्ही दोघांपैकी एकालाही सांगितलेले दिसत नाही. सांगितले असते, तर दोघांनीही वेगळे काही म्हटले असते.

तुम्ही अकाउंट्सच्या बाई आहात, तेव्हा पुढचे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे; तरी तुमच्यासमोर मांडते. विक्रीचा तपशील देणारे जीएसटीआर-1 हे विवरणपत्र 11 तारखेपर्यंत भरावे लागते आणि कर भरण्याचे जीएसटीआर-3बी 20 तारखेपर्यंत; तुमच्याकडे येणाऱ्या ओटीपीशिवाय दोन्ही अडतात. ओटीपीवर विवरणपत्र भरणारा हा कारखाना कंपनी नसणार, एकट्या मालकाची फर्म असणार. कंपनीला डिजिटल सही लागते. 2017 साली जीएसटी आला तेव्हा नोंदणी तुम्हीच करून दिली असेल आणि मालकाने ‘तुझाच नंबर टाक’ म्हटले असेल. आपल्याकडचे निम्मे लहान कारखाने असेच कोणा बाईच्या किंवा मुनीमजींच्या मोबाइलवर चालतात, आणि मालकांना त्यात काही वावगे वाटत नाही. हा त्यांचा आळस आहे, तुमचा अपराध नव्हे. 3बी उशिरा भरले, तर दिवसाला 50 रुपये विलंबशुल्क आणि थकलेल्या करावर वर्षाला 18 टक्के व्याज. ते मालक भरतील, रडतील आणि विसरतील. पण जीएसटीआर-1 वेळेत गेले नाही, तर ज्यांनी बॉक्स घेतले त्यांना कराचे क्रेडिट, म्हणजे खरेदीवर दिलेल्या कराची वजावट, दिसत नाही, आणि क्रेडिट दिसले नाही की ते पैसे अडवून ठेवतात. ज्या कारखान्यात एरवीही पगार 18 तारखेपर्यंत लांबतो, तिथे अडलेल्या पैशांचा पहिला चटका मालकाच्या घरी बसत नाही. तो त्या पॅकिंगमधल्या पोरांना बसतो, ज्यांचे फोनही तुम्ही उचलत नाही.

त्यांचा पीएफ आणि ईएसआयसी, म्हणजे कामगार विम्याचा हप्ता, दर महिन्याच्या 15 तारखेपर्यंत भरायचा असतो. तो तुम्हीच भरत असणार, आणि त्याचे पासवर्डही तुमच्याच वहीत असणार. तुमचा पगार 21,000 रुपयांच्या वर असल्यामुळे ईएसआयसीच्या कार्डाची तुम्हाला आता गरज पडत नसेल. त्या पोरांना पडते. ज्या दिवशी फाइल फेकली गेली, त्या दिवशी ती पोरे खाली मान घालून उभी होती याचा तुम्हाला राग आहे का, हे पत्रावरून कळत नाही. असला, तरी त्याची वसुली त्यांच्या पीएफमधून करायची नसते.

आता तुमच्या स्वतःच्या पैशांचे. संतापाच्या भरात तुम्ही हे पाहिलेले दिसत नाही. पाच वर्षांहून अधिक सलग नोकरी झाली आहे आणि कारखान्यात दहाहून अधिक माणसे असणार, म्हणजे राजीनामा दिला तरी ग्रॅच्युइटी तुमच्या हक्काची आहे. 26 दिवसांचा महिना धरून दर वर्षामागे 15 दिवसांचा पगार, हा हिशेब 1972 च्या कायद्यात होता आणि 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही तोच आला आहे. तुमचे 26,000 रुपये मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून असतील, तर दिवसाचे 1,000, वर्षाचे 15,000 आणि नऊ वर्षांचे 1,35,000 रुपये होतात. नोटीस न दिल्याबद्दल मालक फार तर एका महिन्याचा पगार कापू शकतात. कापू द्या, त्यावर वाद घालू नका. नको असलेल्या माणसाकडे काम करायला कोणतेही न्यायालय तुम्हाला भाग पाडणार नाही. पण जाणूनबुजून केलेल्या कृतीने किंवा टाळाटाळीने मालकाचे नुकसान झाले आणि त्या कारणावरून कामावरून काढले गेले, तर त्या नुकसानीपुरती ग्रॅच्युइटी रोखता येते, अशी तरतूदही त्याच संहितेत आहे. तुम्ही राजीनामा दिलेला नाही, कागदावर तुम्ही आजही फक्त गैरहजर आहात, आणि ड्रॉवरमध्ये एक सिम पडून आहे. मालकाला हवी असलेली सबब तुम्ही आपल्या हाताने तयार करत आहात.

तेव्हा माफी मागायला जायचे नाही आणि महिनाही भरायचा नाही. हा अंक हाती येईल त्याच दिवशी सिम फोनमध्ये घाला आणि ते तिथेच राहू द्या. मालकाला ईमेलने राजीनामा पाठवा. त्यात शेवटचा दिवस म्हणून तुम्ही उठून आलात ती तारीख लिहा, आणि फाइल फेकल्याचा प्रसंग विशेषणे न लावता दोन ओळींत नोंदवा. त्याच ईमेलला जीएसटी, पीएफ आणि ईएसआयसीचे सारे लॉगिन, पासवर्ड आणि अपुऱ्या राहिलेल्या कामांची यादी जोडा. जीएसटी नोंदणीतील मोबाइल नंबर आणि ईमेल बदलायला लॉगिन हाती असले तर अधिकाऱ्याची मंजुरी लागत नाही. तुमच्या नंबरवर येणारा ओटीपी एकदा सांगितलात की मालकाचा नंबर चढतो. तुम्ही तो सांगितला नाहीत, तर मालकाला कागद घेऊन सिव्हिल लाइन्सच्या जीएसटी कार्यालयात खेटे घालावे लागतील, आणि ते खेटे मनात रंगवून तुम्हाला आत्ता किंचित हसू आले असेल, तर हेच मी म्हणत होते. हे काम फोनवर होते, कारखान्यात पाऊल ठेवावे लागत नाही. मालकाशी बोलवत नसेल, तर त्यांच्या सीएला फोन करा. नंबर बदलल्याचा मेसेज आला की त्याचा फोटो काढून ठेवा, आणि त्यानंतर मालकाचा फोन उचलण्याचे तुम्हाला काही कारण उरत नाही.

ग्रॅच्युइटीचा अर्ज याच्यानंतर, 30 दिवसांच्या आत, स्वतंत्र आणि स्पीड पोस्टाने करा. राजीनाम्याच्या ईमेलमध्ये पैशांचा विषय काढू नका, नाही तर पासवर्ड सौदा करून दिल्यासारखे दिसेल. तुमच्या स्वतःच्या पीएफ खात्यात नोकरी सोडल्याची तारीख मालकांनी नोंदवली नाही, तर शेवटचा भरणा होऊन दोन महिने उलटल्यावर ती ऑनलाइन तुम्हालाच नोंदवता येते, त्यासाठी कोणाच्या पाया पडावे लागत नाही.

पॅकिंगमधल्या पोरांचे फोन मात्र आजच उचला. ती तुम्हाला परत बोलवायला फोन करत असतील असे तुम्ही गृहीत धरले आहे. मला वाटते, या महिन्याचा पीएफ भरला गेला का, हे त्यांना विचारायचे असेल. सरकारच्या उमंग अ‍ॅपवर पीएफचे पासबुक कसे पाहायचे, तेही त्यांना सांगा, कारण यापुढे त्यांचे त्यांनाच पाहावे लागणार आहे.